कळकट फडकं

झेंडू बाजारात आला की हल्ली माझं एका जागी बूड टिकत नाही. आज सकाळी पंचवटीतल्या फुलबाजारात गेले. टेम्पोतून क्रेट उतरत होते, ओल्या गोणपाटाचा आणि चुरगळलेल्या देठांचा वास सुटला होता. नेहमीची फुलवाली म्हणाली, "ताई, दोन किलो ना, दरवर्षीसारखी?" मी पाव किलो घेतली. मी दसराच रद्द केल्यासारखं तिनं माझ्याकडे पाहिलं. रिक्षात पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि तो वास नको म्हणून तिचं तोंड आवळून धरलं. सिग्नलला रिक्षावाल्यानं उगाच रेस दिली आणि सोडली. आवाज वर गेला, खाली आला. तो खाली येईपर्यंत मी श्वास धरून होते. हा रोग मला गेल्या दसऱ्यापासून लागलाय. कुठल्याही गाडीचा आवाज चढला की तो उतरेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो.

मी ब्लाउज शिवते. सिडकोत घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान आहे, आणि नवरात्र म्हणजे माझी लगीनघाई. नऊ दिवसांचे नऊ रंग, त्या रंगांचे ब्लाउज, आणि "ताई, उद्याच हवाय हो" म्हणत दारात उभ्या बायका. या दिवसांत हाताला उसंत नसते, आणि यंदा मला ती नकोच आहे. पण मन मेलं हाताचं ऐकत नाही. काल हिरव्या ब्लाउजला मोरपंखी दोऱ्यानं शिलाई मारली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

मागच्या गल्लीत माझा धाकटा भाऊ संजू राहतो. त्याच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली एक जुनी मोटरसायकल उभी आहे. ती त्यानं शर्यतीसाठी स्वतः बांधली, आणि वर्षभर तिच्याकडे ढुंकून पाहिलेलं नाही. परवा त्याची बायको वैशाली ब्लाउज टाकायला आली आणि जाता जाता म्हणाली, "ताई, दसऱ्याला फिरोजभाईंचा टेम्पो रिकामा आहे. हे गाडी सटाण्याला आप्पांकडे परत ठेवून येणार आहेत. म्हणतात, माझा हात आता कामाचा राहिला नाही." एवढं बोलून ती बाहीचं माप देऊन गेली. ते माप मी कुठे लिहिलं, मला अजून सापडलेलं नाही.

संजूचा हात कामाचा आहे. हे जगात एकट्या मला माहीत आहे, आणि मी वर्षभर तोंडात मूग गिळून बसले आहे.

संजू सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला होता. टूलरूममध्ये साचे बनतात, आणि तिथली माणसं सगळ्या जगाला मायक्रोमीटर लावून बघतात. आईच्या पोळीला हा म्हणायचा, "एका अंगानं जाड झालीय." आई म्हणायची, "मग तूच लाट, शहाण्या." चाळिशी ओलांडली आणि एका दुपारी प्रेसच्या मशीनखाली उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. कंपनीनं काढलं नाही, स्टोअरला बसवलं. टेबल, खुर्ची, डोक्यावर पंखा, आणि नटबोल्ट काढून द्यायचे. लोक म्हणायचे, नशीबवान आहेस बाबा. तो हसायचा आणि हात खिशात घालायचा. पुढे तो हात खिशातच राहायला लागला. डॉक्टरांनी मला समजावलं होतं की मुठीचा जोर या शेवटच्या दोन बोटांतच असतो. मी घरी येऊन कात्रीवर करून पाहिलं. खरंच आहे ते.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही दोघं दौलतआप्पांना भेटायला सटाण्याला गेलो. आप्पा आमच्या आईच्या गावचे, जुने मिस्त्री. मे महिन्याच्या सुट्टीत संजू त्यांच्या गॅरेजातच पडलेला असायचा. आता गॅरेज बंद, आप्पा मुलाच्या शेतावर. कांदे साठवायच्या चाळीत, ढिगाच्या मागे, ती गाडी उभी होती. दोन सायलेन्सरांची जुनी टू-स्ट्रोक, जिच्यावर बसून आमच्या वेळची लग्नाळू पोरं फोटो काढायची. टाकीवर कांद्याची सालं, सीटमध्ये उंदरांचं बिऱ्हाड. संजू तिच्याशेजारी उकिडवा बसला, खिशातून हात काढला आणि इंजिनावर ठेवला. किती दिवसांनी मी तो हात उन्हात पाहिला. आप्पा म्हणाले, "काय शे त्यामां? नुसतं लोखंड शे. लई जा." घेऊन जा म्हणाले, आणि माझ्याकडे बघून डोळ्यानंच त्या हाताकडे खूण केली.

मग आषाढ, श्रावण, भाद्रपद असे तीन महिने मी जे जगले, ते माझ्या लग्नाच्या वर्षीही जगले नव्हते. मला वाटलं होतं संजू आणि फिरोज गाडीला काहीबाही जोडतील. हे दोघं काढतच सुटले. हेडलाइट काढला, हॉर्न काढला, मडगार्ड, स्टँड, मागचं कॅरियर, सगळं. मी म्हटलं, "अरे, उरलं काय?" संजू म्हणाला, "पळतं तेवढं ठेवलंय." फिरोज हसला. फिरोज हा संजूचा टूलरूममधला सोबती. त्याचा स्वतःचा छोटा टेम्पो आहे, आणि सख्ख्या भावापेक्षा जास्त त्यानं त्या दिवसांत केलं. हँडल खाली आलं, पायदान मागे गेलं, म्हणजे माणूस टाकीवर पालथा पडल्यासारखा बसणार. इंजिनाच्या प्रत्येक बोल्टाला भोक पाडून बारीक तार ओवायची, नियमच तसा, बोल्ट सुटून कुणाच्या चाकाखाली येऊ नये म्हणून. तार मी ओवली. सुईत दोरा ओवणाऱ्या बाईला तेवढं येतंच की.

आणि तो वास! शर्यतीच्या टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये एरंडेलाचं तेल मिसळतात, हे मला कुठं ठाऊक होतं. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं आणि निळा धूर गल्लीभर पसरला, तेव्हा मी नाकाला पदर लावून ओरडले, "अगं बाई, हे तर आई पाजायची ते!" रविवारी सकाळी चहात घालून आई आम्हाला एरंडेल द्यायची, आणि संजू गच्चीवर पळायचा. चाळीस वर्षांनी तोच ते कौतुकानं हुंगत होता. गाडी तापली की त्या धुरात कांद्याचाही वास यायचा. इतकं धुतलं, घासलं, लाल रंग दिला, तरी महिनाभर कांदा काही गेला नाही.

तो रोज सकाळी घरची कणीक मळायचा. मुठीला जोर यावा म्हणून. तीन बोटांनी, अंगठ्याच्या बुंध्यानं, घाम येईपर्यंत. वैशाली म्हणायची, "ताई, शर्यत होवो न होवो, माझ्या पोळ्या मऊ झाल्या." गोल कानशीनं तो सिलिंडरच्या आतल्या वाटा तासून काढायचा, मध्येच थांबून बोटानं चाचपायचा, पुन्हा तासायचा. प्लग काढून उजेडात धरायचा आणि मला विचारायचा, "रंग बघ, कसा आहे?" मी म्हणायचे, "चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा." "मग बरोबर आहे." मला रंग कळतो म्हणून तो मला विचारायचा. मला इतकं बरं वाटायचं त्यानं विचारलं की. सीटचं रेक्झिन मी शिवलं. उजव्या हातमोज्याची रिकामी दोन बोटं मी कापली आणि दुहेरी शिलाई घातली, कारण कापूस भरून पाहिला तर ती बोटं मेली नुसती लोंबायची. पहिल्यांदा तो मोजा घालून त्यानं गाडीची मूठ पिळली तेव्हा तो मला एकदम बावीस वर्षांचा दिसला.

सगळ्यात शेवटी एअर फिल्टर काढला. का, तर इंजिनाला मोकळा श्वास मिळतो. कार्बोरेटरचं तोंड उघडं पडलं. त्या तोंडाच्या आत एक छोटं नळकांडं वरखाली होतं, त्याला हे लोक स्लाइड म्हणतात. मूठ पिळली की स्लाइड वर जातो, सोडली की स्प्रिंगनं खाली येतो. सगळा खेळ त्याच्यावर. धूळ जाऊ नये म्हणून संजूनं त्या तोंडात फडकं कोंबून ठेवलं होतं. माझ्याच दुकानातलं, लाल अस्तराचं. तेलानं त्याचा रंगही ओळखू येत नव्हता. मला आणि वैशालीला समोर उभं करून त्यानं बजावलं, "हे फडकं कुणी काढायचं नाही. बाकी गाडीला काय वाटेल ते करा." मान सगळ्यात आधी मीच हलवली होती.

शर्यत तामिळनाडूतल्या एका ट्रॅकवर, जुन्या गाड्यांची, हौशी लोकांची. बक्षीस म्हणाल तर एक कप आणि टाळ्या. दसऱ्यालाच दुपारी निघायचं ठरलं. सीमोल्लंघन! लोक आपट्याची पानं आणायला गावाबाहेर जातात, आमचे हे महाशय कर्नाटक ओलांडून निघाले. मोजा उसवला तर कोण शिवणार म्हणून मीही टेम्पोत बसणार होते. वैशाली मागे राहणार होती. ती म्हणाली, "मला बघवणार नाही."

सकाळी पूजा. टाकीला झेंडूचा हार, हँडलला आपट्याची डहाळी, चाकाखाली लिंबू, नवाकोरा लाल रंग, आणि या सगळ्याच्या मधोमध ते तेलकट काळं फडकं. माझ्या डोळ्यांत ते खुपायला लागलं. मला कळकट चालत नाही. गिऱ्हाइकाच्या कापडाला डाग नको म्हणून दिवसातून दहादा हात धुणारी बाई मी. वैशाली फोटो काढणार होती. संजू आणि फिरोज टेम्पोत दोर बघत होते. मी दोन बोटांनी ते फडकं ओढून काढलं आणि पाठीमागे धरलं.

ओवाळलं. कुंकवात माखलेल्या अक्षता टाकल्या, आणि मन भरून आलं होतं म्हणून हात जरा सैलच सुटला. दाणे टाकीवरून घरंगळले. एक त्या उघड्या तोंडाच्या काठावर जाऊन बसला. मी पाहिला. करंगळीच्या नखानं काढायला गेले आणि तो आत गेला. बोट घालून चाचपलं, लागला नाही. तेवढ्यात संजूची हाक आली, "ताई, झालं का?" "झालं, झालं," म्हणत मी फडकं परत कोंबलं. मनाशी म्हटलं, तांदळाचाच दाणा, जळून जाईल. शुभ दिवशी कशाला असलं काही बोलायचं! पण खरं कारण हे नव्हतं. संजू ओरडेल, फिरोजच्या देखत ओरडेल, ही भीती होती. पंचावन्नाव्या वर्षी धाकट्या भावाची बोलणी खायला नकोत म्हणून मी गप्प बसले. बस, एवढंच.

टेम्पोचा तो प्रवास मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. निफाडकडून आलेल्या पाहुण्यांनी दिलेली द्राक्षाची छाटलेली काडी फिरोजनं आरशाला अडकवली होती. कुठेतरी तांबडी माती सुरू झाली. कुठेतरी सांबार इतकं तिखट की संजूच्या डोळ्यांतून पाणी. मागे ताडपत्रीखाली गाडी दोरांत करकरायची आणि मी दर थोड्या वेळानं वळून बघायचे. फिरोज म्हणाला, "दीदी, वो कहीं नहीं जाती. तुम्ही बसा ना आरामात." कसला आराम!

ट्रॅकवरच्या डॉक्टरांनी संजूचा हात पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. नाशिकच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट पुढे केलं तरी आठ्या तशाच. शेवटी त्यांनी आपला हात पुढे केला आणि इंग्रजीत म्हणाले, दाबा बघू. संजूनं दाबला. डॉक्टर कळवळले, "इनफ, इनफ!" फिरोजनं शिट्टी मारली. मला तर वाटलं शर्यत तिथेच जिंकली. मग गाडी सुरू केली, दहा मिनिटं गरम केली, थोडी रेस दिली, सोडली. सगळं झकास. मी हुश्श केलं. जळला मेला दाणा.

सरावाच्या फेऱ्या होत्या. मी टायरांच्या भिंतीमागे उभी होते, पुढ्यात लांबलचक सरळ रस्ता आणि मग उजवीकडे वळण. तीन महिन्यांत आमच्या गाडीचा आवाज माझ्या कानात इतका बसला होता की वीस गाड्यांत मी तो ओळखला असता. दोन फेऱ्या तो जपून गेला. माझ्यासमोरून जाताना त्यानं एकदा मान किंचित हलवली, मला वाटतं माझ्यासाठीच. तिसऱ्या फेरीला त्यानं सरळ रस्त्यावर गाडी पूर्ण मोकळी सोडली. तो आवाज! टाकीवर पालथा पडलेला माझा भाऊ, एरंडेलाचा वास, आणि कांद्याच्या चाळीतून आलेलं ते लोखंड कसं सुसाट चाललं होतं. मी जागच्या जागी उड्या मारत होते. वळण आलं. पुढच्या गाड्यांचा आवाज एकेक करून खाली आला. आमचा यायला हवा होता. आता येईल, आता येईल. आला नाही.

धूळ दिसली. मी धावले, मला कुणीतरी धरलं. संजू खडीत पडला होता आणि त्याच्यापासून दहा-बारा पावलांवर गाडी आडवी, आडवी पडूनही ओरडतच होती. एका माणसानं पळत जाऊन प्लगची टोपी ओढली तेव्हा ती गप्प झाली. गाडी उजव्या अंगावर घासत गेली होती, मूठ मोडली होती, केबल तिच्यात अडकून ताणली होती.

खांद्यापाशी हासळीचं हाड मोडलं. बाकी खरचटलं. देव पावला म्हणायचं, तर मला ते म्हणवेना. डॉक्टरांनी त्या हाताकडे पाहिलं. संजूनंही ते पाहणं पाहिलं. मग मला म्हणाला, "मूठ सुटलीच नाही, ताई. मला वाटलं मी सोडली. पण हात सुटलाच नव्हता." मी त्याच्या कपाळावरची माती पुसत होते. "तुझा मोजा एकदम बरोबर होता," तो म्हणाला. "हातच नालायक निघाला." बाई गं! मला त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

फिरोजला शंका आली होती. "भाई, आडवी पडून पण रेस का खात होती? कार्बोरेटर खोलून बघू का?" संजू म्हणाला, "मूठच मोडली, केबल ताणली, मग दुसरं काय होणार? नको खोलूस. गाडीत काही नाही." मी तिथेच उभी होते, हातात पाण्याची बाटली घेऊन. तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. मग मिटलं.

आणि मग हे वर्ष. संजू सही डाव्या हातानं करायला शिकला. चहाचा कप डाव्या हातानं धरतो. कणीक पुन्हा वैशाली मळते. स्टोअरची खुर्ची आता त्याला चालते म्हणे, पंखा बरा आहे म्हणतो. रोज संध्याकाळी मी जाते, चहा पिते, त्याच्या मुठीकडे न बघता बोलते. तीनदा ताडपत्रीचं टोक उचलून आले. एकदा बोलायचंच म्हणून गेले आणि भाजीचे भाव बोलून परत आले. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसं माझं झालंय. मी सांगितलं तर मी त्याला पाडलं, असं होईल. नाही सांगितलं तर त्याच्या हातानं त्याला पाडलं, असं तो मरेपर्यंत म्हणत राहील. आणि तरी मी माझ्या तोंडाची अब्रू जपत बसले. लाज वाटते हे लिहायला.

इथवर मी मापांच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिलं होतं. पुढचं आज लिहितेय, दसऱ्याला.

परवा अष्टमीच्या सकाळी मशिनीवरून उठले. एक बाई जांभळ्या ब्लाउजसाठी दारात उभी होती, तिला म्हटलं, थांबा, आलेच. मागच्या गल्लीत संजू पार्किंगमध्ये ताडपत्री सोडवत होता, दसऱ्याच्या तयारीनं. डाव्या हातानं गाठ सुटेना. मी चपला न काढता, न बसता, एका दमात सगळं बोलून टाकलं. फडकं, हार, दाणा, माझं नख. तो गाठीकडेच बघत होता.

"म्हणजे तू म्हणतेस, तो तांदूळ होता?"

"हो."

"कशावरून?"

"तू खडीत पडलास तेव्हा तुझा हात कुठे होता मुठीवर? तू इकडे, गाडी तिकडे, आणि तरी ती ओरडत होती. तुझा हात सुटला होता, संजू. तो स्लाइड सुटला नव्हता."

त्यानं दोर खाली टाकला. "वर्षभर, ताई?"

"हो."

"वर्षभर मी या हातानं पेन धरलं नाही. तू रोज येत होतीस. समोर बसून चहा पीत होतीस." त्याचा आवाज चढला नाही, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. "मी ओरडलो असतो गं. पाच मिनिटं ओरडलो असतो. त्याला एवढी घाबरलीस?" मी मान हलवली. तो म्हणाला, "जा ताई. आत्ता जा."

मी आले. जांभळा ब्लाउज दिला. दिवसभर शिवत राहिले, दोनदा सुई बोटात गेली.

काल खंडेनवमी. वैशाली धावतपळत आली, दारातूनच म्हणाली, "काल संध्याकाळी त्यांनी गाडी उघडली. काय सापडलं ते सांगत नाहीत. फिरोजभाईंकडून नवी मूठ आणि केबल तेवढी मागवून घेतली. आज हत्यारं पाटावर मांडून पूजा केली. आज त्यांना हात लावायचा नाही ना, म्हणून सकाळपासून नुसत्या येरझाऱ्या चालल्यात गाडीभोवती. जेवले पण उभ्यानं." मग म्हणाली, "कणीक त्यांनी मळली, ताई. मला बाजूला व्हायला सांगितलं." मी मशिनीचं चाक हातानं धरून ठेवलं, कारण पाय थांबेना.

आज सकाळी नऊच्या सुमाराला मागच्या गल्लीतून किकचा आवाज आला. एक. दोन. तिसऱ्याला इंजिन धरलं. मी कात्री ठेवली. आधी बारीक रेस, मग थोडी जास्त. एरंडेलाचा वास गल्ली ओलांडून माझ्या खिडकीत आला. मग त्यानं मूठ पूर्ण पिळली. तोच आवाज, सरळ रस्त्यावरचा. मी टेबलाची कड घट्ट धरली. वर, वर, वर. आणि खाली आला. पुन्हा वर गेला आणि पुन्हा खाली आला. तिसऱ्यांदासुद्धा. मला कळलं की तो मला ऐकवतोय. मी तिथेच, कापलेल्या तुकड्यांच्या ढिगात बसून मोठ्यांदा रडले. लपवायचं कशाला!

थोड्या वेळानं फिरोज दारात. "दीदी, भाईने बुलाया है. ताट घेऊन या म्हणतो." "टेम्पो सटाण्याला निघाला ना?" मी विचारलं. "टेम्पो रिकामाच जाईल," फिरोज म्हणाला. "आप्पांना सोनं द्यायला."

मी ताट घेऊन गेले. संजूनं मायक्रोमीटरची लाकडी पेटी उघडली. कापसावर एक तांदळाचा दाणा होता, पेट्रोलनं धुऊन फिकट गुलाबी झालेला. त्यानं तो मायक्रोमीटरच्या तोंडात धरला आणि उजव्या हाताच्या अंगठ्यानं आणि तर्जनीनं चक्री फिरवली, हलकेच, टिकटिक वाजेपर्यंत. "एक पॉइंट सहा मिलिमीटर," तो म्हणाला. "स्लाइडच्या खाचेत अडकला होता. पूर्ण रेस दिल्यावर स्लाइड वर गेला आणि हा त्याच्या कडेला पाचरीसारखा बसला. अर्ध्या रेसला काहीच झालं नसतं." मी त्याच्या बोटांकडे बघत होते. ती अजिबात थरथरत नव्हती.

"राग गेला का रे?"

"नाही."

"बरं."

"दिवाळीपर्यंत जाईल बहुतेक," तो म्हणाला. "पण ओवाळायला दुसरी बहीण आणू कुठून?"

गाडीला हार घातलेला होता, पाव किलोचा, माझाच. वैशालीनं काल नेला होता. मी कुंकू लावायला वाकले आणि पाहिलं. कार्बोरेटरच्या तोंडात फडकं होतं. तेच माझं अस्तर, पण लालभडक, स्वच्छ, चौघडी घालून नीट बसवलेलं.

"धुतलंय," संजू म्हणाला. "तीनदा. तुझ्या डोळ्यांत खुपेल म्हणून. आता तरी काढू नकोस."

मी ओवाळलं. अक्षता उचलल्या आणि परत ताटातच ठेवल्या. संजूनं उजवा हात पुढे केला, तीन बोटांच्या चिमटीत अक्षता उचलल्या आणि माझ्या तळहातावर ठेवल्या.

"टाक," तो म्हणाला.

मी टाकल्या.